इंग्रजीचा प्रादेशिक उच्चार : निकष कोणाचा, दोष कोणाचा?

जयपूरच्या तिलक नगर वसाहतीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या मुलीला अलीकडेच एका कंपनीने नोकरी नाकारली. वाणिज्य शाखेची पदवी, चांगले गुण, संगणकाचे ज्ञान आणि लेखी परीक्षेत पहिल्या फळीतला क्रमांक, असे सारे काही तिच्याकडे होते. दूरध्वनीवरील मुलाखतीनंतर तिच्या हाती जो शेरा पडला, त्यात फक्त तीन अक्षरे होती : एमटीआय. मनुष्यबळ विभागाच्या परिभाषेत याचा अर्थ ‘मदर टंग इन्फ्लुअन्स’, अर्थात मातृभाषेचा प्रभाव. उमेदवाराच्या इंग्रजी बोलण्यात त्याची मातृभाषा डोकावते, सबब तो अपात्र.

‘‘मावशी, पण कुठल्या मातृभाषेचा?’’ असा प्रश्न तिने मला विचारला आणि क्षणभर मीही निरुत्तर झाले. मुलगी मराठी घरातली. घरात आईशी मराठी, शाळेत हिंदी, शेजारच्या आजींशी ढूंढाडी आणि दोन गल्ल्या ओलांडून राजापार्कच्या बाजारात गेले की अर्धी पंजाबी, असा तिचा भाषिक संसार आहे. फाळणीनंतर पंजाब आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी आदर्शनगर-राजापार्कचा परिसर वसवला; दुसऱ्या बाजूला जवाहरलाल नेहरू मार्गावर १९४७ साली स्थापन झालेले राजस्थान विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीच्या जिभेवर नेमकी कोणती मातृभाषा बसली आहे, हे सांगणे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही सोपे नाही. मुलाखत घेणाऱ्याने मात्र ते दहा मिनिटांत ठरवले होते.

भाषांतराच्या व्यवसायात दिवसभर इंग्रजी बातमी मराठीत आणण्याचे काम करताना उच्चाराचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. कागदावरच्या इंग्रजीला हेल नसतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हटल्याचे आपण शाळेपासून ऐकत आलो. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि पुढच्याच वर्षी ‘केसरी’बरोबर इंग्रजी ‘मराठा’ही सुरू झाला. ‘मराठा’चे अग्रलेख वाचणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला लेखकाच्या बोलण्याची ढब कशी आहे, याच्याशी कर्तव्य नव्हते, त्याला छळत होता तो मजकूर. दूरध्वनी, नभोवाणी आणि पुढे कॉल सेंटर आल्यावर इंग्रजी कानावर पडू लागली आणि मजकुराच्या आधी बोलणाऱ्याचे गाव ऐकू येऊ लागले.

जिभेच्या सवयी

उच्चाराची ढब आणि बोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलीत शब्द आणि व्याकरणही बदलते. उच्चाराच्या ढबीत वाक्य तेच राहते, फक्त त्याचा नाद बदलतो. ढब नसलेला माणूस जगात नाही. ज्याच्या बोलण्याला आपण ‘ढब नाही’ म्हणतो, त्याची ढब आपल्या ओळखीची किंवा प्रतिष्ठेची असते, एवढेच.

नवी भाषा शिकताना माणूस तिचे ध्वनी आपल्या जुन्या ध्वनींच्या कप्प्यांत बसवतो. इंग्रजीतील ‘टी’ या अक्षराचा ध्वनी घ्या. तो उच्चारताना इंग्रजांची जीभ दातांच्या मागच्या उंचवट्याला लागते. आपल्याकडे ‘त’साठी जीभ दातांना लागते आणि ‘ट’साठी ती वर वळते, मधली जागा रिकामी. मग भारतीय माणूस ‘त’ का निवडत नाही? कारण तो कप्पा आधीच भरलेला असतो. ‘थिंक’ आणि ‘दॅट’ या शब्दांतील घर्षणध्वनी आपल्या भाषांत नाहीत, त्यांच्यासाठी आपण दंत्य ‘थ’ आणि ‘द’ वापरतो. दंत्य वर्ग असा खर्ची पडल्यावर ‘टी’ आणि ‘डी’साठी मूर्धन्य ‘ट’ आणि ‘ड’ उरतात. यात निष्काळजीपणा नाही; उलट चांगलीच काटेकोर वाटणी आहे. आयर्लंडमध्येही बहुतेक लोक ‘थिंक’चा आरंभ आपल्यासारखाच दंत्य करतात, परंतु त्यांना कोणी एमटीआयचा शेरा देत नाही.

दुसरे उदाहरण ‘पिन’ या शब्दाचे. इंग्रज माणूस तो उच्चारताना ‘प’नंतर श्वासाचा एक झोत सोडतो, आपल्या कानाला तो जवळजवळ ‘फिन’ वाटावा. आपण मात्र साधा ‘प’ वापरतो, आणि तो ऐकून इंग्रज श्रोत्याला ‘बिन’ म्हटल्याचा भास होतो. आपल्याकडे महाप्राण ‘फ’ असूनही आपण तो येथे वापरत नाही, कारण तो इंग्रजीतील ‘एफ’साठी राखून ठेवलेला असतो. पुन्हा तीच कप्प्यांची वाटणी.

ही वाटणी प्रत्येक भाषेत वेगळी असल्याने भारतातली इंग्रजीही एकसारखी नाही. बंगाली माणसाच्या तोंडी ‘व्हेरी’ची ‘भेरी’ होते, कारण बांगलात ‘व’ हा स्वतंत्र ध्वनी उरलेला नाही. गुजरातीत ‘हॉल’चा ‘होल’ होतो. मल्याळी माणसाचे ‘सिंबली’ प्रसिद्धच आहे. त्याच्या भाषेत अनुनासिकानंतरचा ‘प’ ‘ब’कडे झुकतो. तमिळनाडूत ‘एमए’चे ‘यमए’ होते, कारण तेथे शब्दारंभीच्या ‘ए’आधी ‘य’ची हलकी पायरी लागते. अर्थात प्रत्येक बंगाली, गुजराती वा तमिळ माणूस असेच बोलतो असे नाही. विनोदी कलावंतांनी या लकबी इतक्या वापरल्या आहेत की खऱ्या बोलण्यापेक्षा नक्कलच लोकांच्या कानात अधिक बसली आहे.

जयपूरच्या परिसरात सर्वाधिक चेष्टा होते ती ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ची. हिंदी पट्ट्यातील अनेक बोलींना शब्दाच्या आरंभी ‘स्क’, ‘स्ट’ अशी जोडाक्षरे जड जातात. म्हणून आधी एक ‘इ’ येतो. पंजाबी माणूस तीच अडचण मध्ये स्वर घालून सोडवतो आणि ‘सकूल’ म्हणतो. मराठीला स्नान, स्पष्ट, स्थळ यांची सवय असल्याने आपण या बाबतीत सुटलो, तरी खेड्यापाड्यांतून ‘ठेसन’ ऐकू येतेच. गंमत अशी की लॅटिनमधील ‘स्कोला’ स्पेनमध्ये गेला तेव्हा तेथील लोकांनीही पुढे स्वर लावून ‘एस्कुएला’ केला आणि फ्रान्समध्ये त्याचा ‘एकोल’ झाला. जी गोष्ट जयपूरच्या मुलाखतीत दोष ठरते, ती माद्रिद आणि पॅरिसमध्ये शब्दकोशात जाऊन बसली आहे.

‘बैंक’ आणि ‘बँक’

मराठी वाचक जयपूरला गेला की दुकानांच्या पाट्या वाचताना अडखळतो. तेथे ‘बैंक’ लिहिलेले असते, ‘मैनेजर’, ‘टैक्सी’ आणि ‘मैडम’ असते. आपल्या डोळ्यांना ते ‘बइंक’, ‘मइनेजर’ असे दिसते आणि हिंदी लोक असेच उच्चारतात की काय, अशी शंका येते. वस्तुतः हिंदीत ‘ऐ’चा उच्चार मराठीतील ‘ॲ’च्या जवळ जातो, त्यामुळे त्यांचे ‘बैंक’ आणि आपले ‘बँक’ कानाला फारसे वेगळे नाही. उलट हिंदी वाचकाला आपले ‘बँक’ चंद्रबिंदू दिलेले वाटते आणि तो नाकात ‘बँ’ म्हणतो. दोघेही एकमेकांच्या अडाणीपणावर हसतात. दोष फक्त मात्रांच्या वापराचा असतो.

मराठीने इंग्रजी ध्वनींसाठी आपल्या लिपीत बरीच सोय करून घेतली आहे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानुसार वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. ‘व्हॅन’मधला ‘व्ह’ आणि ‘वॉटर’मधला ‘व’ आपण लेखनातही वेगळा ठेवतो. हिंदीत दोन्हींकडे ‘व’च येतो. ‘झोन’, ‘झेरॉक्स’ लिहिताना आपल्या मदतीला ‘झाड’मधला ‘झ’ येतो, जो इंग्रजी ‘झेड’च्या पुष्कळ जवळ आहे. हिंदीत नुक्ता गळला की त्याच शब्दाचा ‘जोन’ होतो. तेव्हा या दोन-तीन ध्वनींपुरते मराठी माणसाने कॉलर ताठ करायला हरकत नाही. मात्र ‘प्लेझर’, ‘मेझर’ म्हणताना आपणही खऱ्या ध्वनीपासून दूरच असतो, हे ध्यानात असलेले बरे.

जयपूरच्या बोलीबद्दल येथे एक सांगावेसे वाटते. ढूंढाडीत आणि एकूणच राजस्थानीत ‘ळ’ आहे, जो प्रमाण हिंदीत नाही. तिलक नगरच्या भाजीवाल्याच्या तोंडून तो ‘ळ’ ऐकला की मराठी कानाला घरच्यासारखे वाटते. या बोलींचे नमुने १८९८ मध्ये जी. मॅकॅलिस्टर या मिशनऱ्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले होते आणि मूळच्या डब्लिनच्या जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०८ च्या खंडात त्यांची सविस्तर दखल घेतली. इतक्या जुन्या नोंदी असलेली राजस्थानी भाषा आजही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. राजस्थान विधानसभेने तिच्या समावेशाचा ठराव २५ ऑगस्ट २००३ रोजी संमत केला, जनगणनेत मात्र ती हिंदीखाली मोजली जाते. म्हणजे जी मातृभाषा सरकारी दप्तरात स्वतंत्र भाषा म्हणून उमटत नाही, तिचा ‘प्रभाव’ मुलाखतीच्या कागदावर बरोबर उमटतो.

साहेबाच्या देशात

‘शुद्ध इंग्रजी उच्चार’ म्हणून आपल्याला जे शिकवले जाते, त्याचा इतिहास फार जुना नाही. लंडन विद्यापीठातील ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ साली निघाला. त्यात त्यांनी इंग्लंडमधील खासगी निवासी शाळांत शिकलेल्या वर्गाचा उच्चार आधाराला घेतला होता. १९२६ च्या आवृत्तीपासून त्याला ‘रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन’ हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी बीबीसीने उच्चारांबाबत सल्ला देणारी समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे पहिले अध्यक्ष. त्यांच्यानंतर ती धुरा जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्याकडे आली. शॉ आयरिश होते, हे विशेष. हा प्रतिष्ठित उच्चार जन्मजात करणारे लोक इंग्लंडमध्ये जेमतेम तीन टक्के असावेत, असा अंदाज भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९७० च्या दशकात मांडला होता.

उरलेल्या बहुसंख्येचे काय, याचा अनुभव १९४१ मध्ये आला. दुसरे महायुद्ध सुरू असताना बीबीसीने यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातमीपत्र वाचण्यासाठी आणले. जर्मनांना त्यांची नक्कल करणे कठीण जाईल, असाही त्यामागे विचार होता असे सांगतात. त्यांच्या उत्तरेकडील ढबीने मोठे वादळ उठले आणि श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. बातमी तीच, युद्ध तेच. केवळ आवाजाला यॉर्कशायरची माती लागलेली होती. आपल्याकडेही ‘आनि’ आणि ‘पानी’ म्हणणारा आवाज मराठी बातमीपत्रात आला असता तर काय झाले असते, याची कल्पना करणे अवघड नाही.

शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ हे नाटक १९१३ मध्ये प्रथम व्हिएन्नात आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये रंगभूमीवर आले. फुले विकणाऱ्या मुलीला उच्चार शिकवून सरदारीण म्हणून मिरवता येते, हे त्याचे कथानक. पु. ल. देशपांडे यांनी त्याचे मराठी रूप ‘ती फुलराणी’ या नावाने केले आणि १९७५ मध्ये भक्ती बर्वे यांनी त्यातली मंजुळा अजरामर केली. भाषांतरकाराच्या दृष्टीने येथे एक मोठा पेच होता. लंडनच्या कॉकनी बोलीला मराठीत पर्याय कोणता? केवळ शब्द बदलून भागणार नव्हते. ज्या उच्चाराने ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, असाच उच्चार हवा होता. मराठी प्रेक्षकाला तो क्षणात ओळखता आला, कारण ‘न’ आणि ‘ण’ यांच्या सीमेवर माणसाची जात, गाव आणि ऐपत ठरवण्याची सवय आपल्याला फार पूर्वीपासून आहे. इंग्रजीच्या बाबतीत आपण जे सोसतो, तेच मराठीच्या बाबतीत आपण दुसऱ्याला सोसायला लावतो. हे नाटक हसत हसत पाहताना ही गोष्ट किती जणांच्या मनात आली असेल, कोण जाणे.

ऐकणाऱ्याच्या कानात काय असते?

उच्चाराविषयीच्या पूर्वग्रहाचा शास्त्रीय अभ्यास कॅनडात सुरू झाला. मॉन्ट्रियलमध्ये वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या व्यक्तींनी एकच मजकूर एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचला. आवाज एकाच माणसाचा आहे हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. इंग्रजी आवाजाला त्यांनी अधिक हुशार आणि विश्वासू मानले. धक्कादायक भाग असा की फ्रेंच भाषक विद्यार्थ्यांनीही आपल्याच भाषेला कमी गुण दिले.

अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये याच्याही पुढचे टोक दाखवले. विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन स्त्रीच्या आवाजातील ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवण्यात आले. काहींसमोर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र होते, काहींसमोर आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचे. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना तोच आवाज परका वाटला आणि व्याख्यानही कमी समजले. आवाजात नसलेली ढब डोळ्यांनी ऐकली होती. २०१० मध्ये शिकागो विद्यापीठातील शिरी लेव्ह-आरी आणि बोअझ केसार यांनी आणखी एक धागा जोडला. साध्या माहितीपर वाक्यांवर श्रोते किती विश्वास ठेवतात, हे त्यांनी तपासले. परकी ढब असलेल्या आवाजातील वाक्य श्रोत्यांना कमी खरे वाटले. त्यांचे स्पष्टीकरण असे की जे ऐकायला कष्ट पडतात, ते मनाला कमी पटते; त्यासाठी द्वेष असलाच पाहिजे असे नाही. मला हे स्पष्टीकरण अधिक अस्वस्थ करणारे वाटते, कारण द्वेषाला निदान उत्तर देता येते.

भारतात या विषयावर जे काम झाले, त्यात हैदराबादच्या मध्यवर्ती इंग्रजी संस्थेचे नाव आधी घ्यावे लागते. १९५८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. तेथील आर. के. बन्सल यांनी १९६९ च्या आपल्या प्रबंधात भारतीयांची इंग्रजी परकीय श्रोत्यांना कितपत समजते, हे मोजले. ब्रिटिश श्रोत्यांच्या बाबतीत सरासरी सुमारे सत्तर टक्के, असे उत्तर आले. गैरसमजाचे एक मोठे कारण ‘ट’ आणि ‘ड’ यांत नसून शब्दावरील आघातात असल्याचे त्यातून पुढे आले. ‘डेव्हलप’ या शब्दात इंग्रज दुसऱ्या अवयवावर जोर देतो, आपण पहिल्यावर. आणि जोर हलला की त्याच्या कानाला शब्दच बदलल्यासारखा वाटतो. मराठी किंवा हिंदीत आघाताने अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपल्याला त्याचे महत्त्व जाणवत नाही. उच्चारवर्गांत मात्र विद्यार्थ्यांना ओठ आणि जीभ कशी वळवावी यावरच जास्त घाम गाळायला लावतात.

ब्रज काचरू यांनी १९७० च्या दशकात भारतीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आदर्श इंग्रजी कोणती, असे विचारले होते. सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थ्यांनी ब्रिटिश इंग्रजीला पसंती दिली. भारतीय इंग्रजीला पहिली पसंती देणारे चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. स्वातंत्र्याला तीन दशके होत आली होती आणि त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना शिकवणारे शिक्षक भारतीयच असणार, तरीही हे उत्तर आले.

बाजार आणि कायदा

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात गुरगाव, पुणे, बंगळुरू यांच्यापाठोपाठ जयपूरमध्येही सेवाकेंद्रांचे जाळे आले. रात्रपाळी, ग्राहकांसाठी घेतलेली पाश्चात्त्य नावे आणि ‘उच्चार तटस्थीकरण’ नावाचा नवा अभ्यासक्रम ही त्या काळाची देणगी. तटस्थ म्हणजे कोणत्याही प्रदेशाचा नसलेला उच्चार. असा उच्चार पृथ्वीवर कोठेही बोलला जात नाही, ही अडचण बाजाराने मनावर घेतली नाही. प्रशिक्षकांनाही तो नेमका कसा असतो ते सांगणे जड जाई. कसा नसावा, हे मात्र सारे सांगत.

आता हे काम यंत्राकडे जाऊ लागले आहे. अमेरिकेत २०२० मध्ये स्थापन झालेल्या सानास या कंपनीने बोलणाऱ्याची ढब त्याच क्षणी बदलणारी संगणकप्रणाली तयार केली. सेवाकेंद्र क्षेत्रातील टेलिपरफॉर्मन्स या मोठ्या फ्रेंच कंपनीने २०२५ मध्ये तिच्यात गुंतवणूक केली आणि भारतातील कर्मचाऱ्यांच्या बोलण्यासाठी तिचा वापर सुरू झाल्याचे जाहीर झाले. समर्थक म्हणतात, यामुळे कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या शिव्या कमी ऐकाव्या लागतात. ते खोटे नसावे. पण शिव्या देणाऱ्याला काही शिकावे लागत नाही, हेही तितकेच खरे.

कायद्याचे संरक्षण पाहू गेल्यास चित्र धूसर आहे. अमेरिकेत उच्चारामुळे कामात खरोखर अडथळा येत असेल तरच तो नकाराचे कारण ठरू शकतो, असे तेथील नियम मानतात. प्रत्यक्षात काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण हवाईतील मॅन्युएल फ्रागान्ते यांचे. फिलिपिन्समधून आलेल्या या गृहस्थांनी होनोलुलूच्या वाहन परवाना खात्यातील कारकुनी पदासाठी सातशेहून अधिक उमेदवारांत लेखी परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवले होते. मुलाखतीत त्यांची ढब आड आली. १९८९ मध्ये अपील न्यायालयानेही त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. भारतात राज्यघटनेचे कलम १६ सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवासस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. या यादीत भाषा नाही आणि उच्चार तर नाहीच. शिवाय हे कलम खासगी कंपनीला लागू होत नाही. एखाद्याला ‘तू शेखावाटीचा आहेस’ म्हणून सरकारी नोकरी नाकारता येत नाही. ‘तू शेखावाटीसारखा बोलतोस’ असे म्हणणाऱ्याला अडवणारे स्पष्ट शब्द मात्र घटनेत नाहीत.

ब्रिटनमध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील देवयानी शर्मा, एरेझ लेव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात केलेल्या अभ्यासातून एक आशादायक धागा हाती लागतो. सर्वसामान्य लोकांच्या मनातील उच्चारांची उतरंड १९७० च्या पाहणीत होती जवळपास तशीच राहिली आहे. परंतु नोकरभरतीचा अनुभव असलेल्या वकिलांनी उत्तरे ऐकली, तेव्हा त्यांनी ढबीपेक्षा उत्तराच्या दर्जाला महत्त्व दिले. मूल्यमापनाआधी उच्चाराच्या पूर्वग्रहाची एक छोटी सूचना वाचायला दिली, तर पक्षपात आणखी घटतो असेही दिसले. म्हणजे चार ओळींचा कागदही उपयोगी पडतो. आपल्याकडच्या मुलाखतकारांच्या हाती तो कोण देणार, हा वेगळा विषय.

२०१९ पासून राजस्थान सरकारने महात्मा गांधी यांच्या नावाने सरकारी इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या. आरंभ राज्यातील तेव्हाच्या ३३ जिल्हा मुख्यालयांपासून झाला. खासगी शाळेचे शुल्क न परवडणाऱ्या पालकांनी तेथे प्रवेशासाठी रांगा लावल्या. या शाळांतील मुले इंग्रजी शिकतील ती त्यांच्याच गावच्या, त्यांच्यासारखीच जीभ असलेल्या शिक्षकांकडून. २०११ च्या जनगणनेनुसार इंग्रजी ही मातृभाषा असलेले लोक देशात अवघे २ लाख ६० हजारांच्या आसपास होते, तर दुसरी वा तिसरी भाषा म्हणून ती येणारे सुमारे १२ कोटी ९० लाख. या दुसऱ्या आकड्यातल्या प्रत्येकाच्या इंग्रजीवर कुठल्या ना कुठल्या मातृभाषेचा प्रभाव असणारच. २०१२ मधील गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ चित्रपटात पुण्याची गृहिणी शशी गोडबोले ‘जॅझ’चा उच्चार चुकीचा करते आणि तिला हसतात ती तिचीच माणसे. देशभरच्या प्रेक्षकांना तो प्रसंग लागला, कारण उच्चारावरून होणारा पहिला अपमान बहुधा घरातच झालेला असतो.

माझ्या बहिणीच्या घरी या नकारानंतर दोन मतप्रवाह होते. भावजींचे म्हणणे, सरळ उच्चारवर्ग लावावा. गोपालपुरा भागात अशा वर्गांना तोटा नाही. बहिणीचे म्हणणे, ज्याला पोरीचे बोलणे कळले म्हणून तो त्यावर शेरा लिहू शकला, त्याने ‘कळत नाही’ असे लिहावे हेच मुळात चमत्कारिक. शेवटी भाचीने दोन्ही ऐकले. तिने दीड महिन्याचा वर्ग केला, तेथे शब्दांवरील आघात तेवढे नेटाने शिकली आणि ‘व्ही’-‘डब्ल्यू’साठी आरशासमोर ओठ वळवण्याचा भाग तिने, तिच्याच शब्दांत, ‘सोडून दिला’. मध्यंतरी तिने एका विमा कंपनीच्या जयपूर कार्यालयात अर्ज केला. तेथे दूरध्वनी करणारे ग्राहक भीलवाडा, टोंक आणि सीकरचे असतात. मुलाखत अर्धी इंग्रजीत आणि अर्धी हिंदीत झाली. निवड झाल्याचे पत्र आले आहे, आणि पुढच्या सोमवारी ती कामावर रुजू होणार आहे.